डाव्या डोळ्यातला तीळ

१

बाल्डुर थॉर्केलसनचा उजवा डोळा एप्रिलमध्ये गेला. सगळा जन्म सरोवरावर मासे धरण्यात घालवलेला माणूस. एका सकाळी बर्फाखालची जाळी ओढताना त्याला कडेने काहीतरी काळं खाली उतरताना दिसलं आणि संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे अंधार झाला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. विनिपेगच्या सर्जननी दोनदा प्रयत्न केला, पण पडदा काही जागेवर बसला नाही.

डोळे जातात. तेवढ्यासाठी कुणी मला बोलावत नाही. मला बोलावलं ते त्याच्या केसपेपरमुळे.

मी विनिफ्रेड ड्रेव्हर. उभी हयात ब्रँडनमध्ये लोकांचे डोळे तपासले, आता आम्हाला परवाने देणाऱ्या संस्थेसाठी इतर डॉक्टरांचे कागद तपासते. जिथे जाते तिथे लोक कॉफी देतात आणि पाठ फिरली की शिव्या देतात. दोन्हींची सवय झाली आहे.

बाल्डुरची तक्रार चार ओळींची होती. मार्चमध्ये आपण गावातल्या दवाखान्यात जाऊन उजव्या डोळ्याच्या कडेला विजा चमकतात असं सांगितलं, पण आपल्याला कुणी तपासलं नाही, एवढंच. आमच्या धंद्यात नवशिक्यालाही ठाऊक असतं की विजा चमकल्या म्हणजे पडदा ओढला जातो आहे. अशा माणसाला त्याच दिवशी आत घ्यायचं, थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि पडदा कडेकडेपर्यंत बघायचा. चीर वेळेवर सापडली तर लेझरने बंद होते आणि डोळा वाचतो.

दवाखान्याने उत्तरादाखल त्याच दिवसाचा केसपेपर पाठवला. त्यावर लिहिलं होतं: विजा चमकतात, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, पडदा शाबूत, फी माफ. खाली दोन वर्तुळांत दोन्ही पडद्यांची चित्रं आणि शेवटी डॉक्टर पेट्रा वीबची आद्याक्षरं.

म्हणजे एकतर बाल्डुर खोटा, नाहीतर कागद खोटा. हातून चूक झाली तर आमची संस्था समज देते, दंड करते. केसपेपर खोटा लिहिला तर मात्र परवाना जातो आणि तो परत मिळत नाही. पेट्रा वीब अजून बत्तीस वर्षांचीही नव्हती. त्या गावात जन्मलेली, बाहेर जाऊन डोळ्यांची डॉक्टर झालेली आणि मुद्दाम गावातच परत आलेली ती एकटी मुलगी.

सप्टेंबरमध्ये मी गाडी काढून स्टोनी नॅरोजला गेले. उंदराला मांजर साक्ष, तसा डॉक्टरला त्याचाच केसपेपर साक्ष असतो, हे मनात धरूनच निघाले होते. पण पहिल्या तासाभरातच सगळं गणित बिघडलं. कारण तक्रार करणारा आणि जिच्यावर तक्रार होती ती, दोघं एकच गोष्ट सांगत होते.

२

"मी त्यांना तपासलेलं नाही," पेट्रा म्हणाली.

उंच, किरकोळ बांध्याची, बोलण्यात मोजकी. शाईच्या पेनाने लिहिणारी डॉक्टर मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते. तिच्या उजव्या तळहाताची करंगळीकडची कड निळी झालेली होती.

"मग हे अक्षर कुणाचं?"

मी केसपेपरची फाइल तिच्यापुढे सरकवली. तिने मार्चचा कागद आधी पाहिला नव्हता. फाइल दवाखान्याच्या मालकाने परस्पर आम्हाला पाठवली होती. तिने तो कागद वाचला, मग चित्रं पाहिली, मग मागचं पान उलटून मालकाने काही वर्षांपूर्वी काढलेलं जुनं चित्र पाहिलं. पुन्हा पुढचं पान काढलं. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. मग तिने फाइल मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"मी त्यांना तपासलेलं नाही. याहून जास्त मी काही सांगणार नाही."

"डॉक्टर, तुमचा परवाना जाईल."

"मला माहीत आहे."

आरोपी गप्प बसतो तेव्हा त्याची दोन कारणं असू शकतात. माझ्या मनात त्या वेळी एकच आलं, हे इथेच कबूल केलेलं बरं.

मालक डॉक्टर ओरेस्ट कोस्टिन्युक मागच्या खोलीत बसले होते. सत्तरीला टेकलेले, पोट सुटलेले, बोलण्यात गोड. पेशंट बघणं त्यांनी गेल्या वर्षीच थांबवलं होतं. दवाखाना शहरातल्या एका मोठ्या साखळीला विकायचं घाटत होतं आणि टेबलावर त्याचेच कागद पसरलेले होते.

"ड्रेव्हरबाई, पोरगी हुशार आहे हो," ते म्हणाले. "पण मऊ. ज्याला त्याला फी माफ करते. मी कितीदा सांगितलं, बाळे, हा दवाखाना आहे, देऊळ नाही."

"फाइल तिला न दाखवता का पाठवलीत?"

"माझा दवाखाना, माझ्या फाइली. शिवाय कागद स्वच्छ होता. पडदा शाबूत, असं लिहिलेलं होतं. चीर नंतर पडली असेल. कुणाचाच दोष नाही. मला वाटलं, प्रकरण तिथेच मिटेल."

"मिटलं असतं तर विक्रीही सुरळीत झाली असती."

"झाली असती की," ते हसले. "म्हातारपणी नातवंडांजवळ जायला कुणाला आवडत नाही? पण त्यासाठी मी खोटे कागद लिहितो असं म्हणत असाल, तर आधी एक सांगा. मी तिचं नाव कशाला लिहीन? गिऱ्हाईकाला दवाखान्याबरोबर डॉक्टरही हवी आहे. तीच गेली तर माझ्याकडे विकायला उरलं काय? चार खुर्च्या?"

यात तथ्य होतं. निघताना बाहेर काउंटरवर नेटाने माझ्यापुढे आलुबुखारचा केक ठेवला. नेटा वीब ही पेट्राची आत्या. आईवेगळ्या भाचीला तिनेच वाढवलं होतं आणि या दवाखान्याच्या काउंटरवर ती कोस्टिन्युक तरुण असल्यापासून होती. केसपेपर काढणं, वरची नाव-गाव-तारीख लिहिणं, पैसे घेणं, डॉक्टरांच्या पेनात शाई भरणं, सगळं तीच करायची.

"खा. उपाशी पोटी कुणाचा न्याय करू नये," ती म्हणाली.

"त्या दिवशी बाल्डुर आला होता?"

"आला होता. चष्म्याचा स्क्रू ढिला झालेला. मी घट्ट करून दिला."

"विजांचं कुणाला बोलला?"

"कागदावर लिहिलंय ना, मग डॉक्टरलाच बोलला असेल." तिने फडकं उचलून काउंटर पुसायला घेतलं. "आमची पेट्रा कुणाला न तपासता पाठवायची नाही. एवढं मी बायबलवर हात ठेवून सांगते."

मार्चमधल्या त्या दिवशी दवाखान्यात हे तिघंच होते. ज्या कागदाने पेट्राचा परवाना जायचा तो कागद मालक लिहिणार नाही, आणि आत्या तर नाहीच नाही. राहता राहिली पेट्रा. फक्त बाल्डुरशी बोलायचं बाकी होतं.

३

बाल्डुर त्याच्या मासे साफ करायच्या शेडमध्ये सापडला. हात सवयीने भराभर चालत होते, पण मासा उचलताना एकदा बोटं माशाच्या अलीकडेच हवेत मिटली. त्याने ते माझ्या लक्षात आलेलं पाहिलं.

"अंतर कळत नाही," तो म्हणाला. "एका डोळ्याने जग चित्रासारखं होतं. गेल्या आठवड्यात धक्क्यावरून बोटीत पाय टाकला तो पाण्यात. पोरं हसली. मीही हसलो. काय करणार?"

"काही लोक म्हणतात तुम्ही भरपाईसाठी खोटं बोलताय."

"ओरेस्ट म्हणत असेल. पत्ते खेळताना नेहमी हरतो ना माझ्याशी, म्हणून राग." मग थांबून म्हणाला, "त्या दिवशी दुपारीही हरला. दवाखान्यातून निघालो तो थेट क्लबात. लाकडी पाटावरच्या बारक्या भोकांत खुंट्या पुढे सरकवून गुण मोजायचे असतात त्या पत्त्यांच्या खेळात. मीच सरकवत होतो, दोघांच्याही."

मी मान डोलावली. थेंब घातल्यावर कित्येक तास जवळचं सगळं धूसर होतं आणि मार्चच्या बर्फावरचं ऊन सहन होत नाही. असा माणूस बारक्या भोकांत खुंट्या बसवत नाही. शिवाय साक्षीला खुद्द कोस्टिन्युक. थेंब घातले गेले नव्हते. बाल्डुर खरा होता.

"मग विजांचं तुम्ही कुणाला सांगितलंत?"

त्याने सुरी धुतली, पुसली, खुंटीला लावली.

"दवाखान्यात सांगितलं."

"कुणाला?"

"बाई, मला या गावातच मरायचंय. डोळा गेला तो गेला. तक्रार मी एवढ्यासाठीच केली, की पुढचा कुणी असं सांगायला आला तर त्याला खुर्चीत बसवा. नाव घेऊन मला काही मिळायचं नाही."

किती समजावलं तरी त्याने नाव घेतलं नाही. मला राग आला. चांगली माणसं तपासाची फार नासाडी करतात. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता येतं.

"एक करू द्याल? तुमच्या डाव्या डोळ्यात मला बघायचंय, थेंब घालून."

"डाव्यात? तो तर बरा आहे."

"म्हणूनच."

"घाला," तो म्हणाला. "या खेपेला तरी खरंच घाला."

४

मला बघायचा होता एक तीळ. हातावर असतो तसा डोळ्याच्या पडद्यावरही एखाद्याला तीळ असतो. त्रास देत नाही, हलत नाही, जन्मभर आहे तिथेच राहतो. बाल्डुरच्या डाव्या डोळ्यात तो आहे हे दोन कागदांवर होतं. कोस्टिन्युकच्या जुन्या चित्रात तीळ वरच्या बाजूला, कानाकडे होता. मार्चच्या चित्रात तोच तीळ खालच्या बाजूला, नाकाकडे होता. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं.

पेट्राच्या तपासणीच्या खोलीत मी बाल्डुरला आडवं झोपवलं, डोक्याला दिवा बांधला आणि त्याच्या डोळ्यासमोर भिंग धरलं. पेट्रा दाराशी हाताची घडी घालून उभी होती. नेटा बाहेर काउंटरवर कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

या भिंगातून पडदा सगळा दिसतो, पण उलटा दिसतो. वरचं खाली आणि कानाकडचं नाकाकडे. म्हणून शिकवतानाच एक युक्ती शिकवतात. केसपेपर उलटा फिरवून पेशंटच्या छातीवर ठेवायचा आणि जसं दिसतं तसंच काढायचं. नंतर कागद सुलटा केला की चित्र आपोआप बरोबर होतं. विचार करावा लागत नाही. माझ्या पिढीने ही सवय उशिरा लावून घेतली, पेट्राच्या पिढीला ती पहिल्यापासून आहे.

भिंगात मला तीळ दिसला. खाली, नाकाकडे. म्हणजे खरा तो वर, कानाकडे. कोस्टिन्युकचं जुनं चित्र बरोबर होतं. मार्चचं चित्र उलटं होतं, अगदी जसं भिंगातून दिसतं तसं.

मी सरळ उभी राहिले. कंबर दुखत होती, पण डोकं साफ झालं होतं. असं उलटं चित्र कधी होईल? कुणी भिंगातून डोळ्यात पाहिलं आणि कागद फिरवायला विसरलं तर. दुसऱ्या कुणाला तो तीळ उलटा कसा दिसणार? म्हणजे त्या चित्रामागे खरी तपासणी होती. बाल्डुरचा डोळा कुणीतरी खरंच पाहिला होता, आणि त्या दवाखान्यात डोक्याला दिवा बांधून भिंगाने बघणारी एकच व्यक्ती होती.

मी पेट्राकडे वळले.

"तुम्ही याच्या डोळ्यात पाहिलेलं आहे," मी म्हणाले.

तिने बाल्डुरकडे पाहिलं, मग दाराबाहेर काउंटरकडे.

"तुम्हाला जे दिसतं ते लिहा, ड्रेव्हरबाई," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल लिहायला बसले. गावातल्या एकुलत्या एका खानावळीत, खिडकीजवळ, पुढ्यात अंडी आणि बटाटे. कागद पूर्ण व्हायला एकच गोष्ट अडत होती आणि ती फार साधी होती. थेंब न घालता या भिंगाने एवढ्या कडेचा तीळ नीट दिसत नाही. थेंब तर घातलेच नव्हते. मग पेट्राने तो पाहिला कधी?

तुलनेसाठी नेटाकडून पेट्राचे मूठभर केसपेपर मागून आणले होते, वेगवेगळ्या पेशंटांचे. अक्षर ताडून बघायला ते पसरले आणि अक्षरापेक्षा आधी डाग दिसले. प्रत्येक कागदावर वर्तुळांच्या वरच्या दोन ओळी फिसकटलेल्या होत्या. खालच्या ओळी स्वच्छ.

त्याचं कारण पेट्राच्या हातावर होतं. शाईच्या पेनाने ओळी लिहायच्या, लगेच कागद फिरवायचा आणि चित्र काढायला बसायचं. कागद उलटा केला की वरच्या ओळी हाताखाली येतात, आणि ओल्या शाईवरून तळहाताची कड फिरते. ज्याने कागद फिरवला नाही त्याच्या वरच्या ओळी कधीच फिसकटणार नाहीत.

मार्चचा कागद काढून उजेडात धरला. वर्तुळांच्या वरच्या दोन ओळी फिसकटलेल्या होत्या.

अंडी तशीच राहिली. कालचं माझं सगळं अनुमान उताणं पडलं होतं. मी म्हणत होते, पेट्रा कागद फिरवायला विसरली म्हणून चित्र उलटं आलं. पण कागद फिरवलेला होता. फिरवलेल्या कागदावर भिंगातून बघून काढलं असतं तर तीळ बरोबर जागी आला असता. तो चुकीच्या जागी आला, याचा अर्थ काढणाऱ्यासमोर उलटं दिसणारा डोळा नव्हताच. समोर होतं काहीतरी सुलटं. समोर होतं कोस्टिन्युकचं जुनं चित्र.

कुणीतरी जुनं चित्र सुलटं समोर ठेवलं, नवा कागद उलटा फिरवला आणि ज्या डोळ्याचं चित्र त्याच्याच वर्तुळात जसंच्या तसं उतरवलं. मग कागद सरळ केला. तीळ विरुद्ध कोपऱ्यात गेला आणि ते त्या व्यक्तीच्या लक्षातही आलं नाही.

आता ही चूक कोण करील? पेट्राने खोटं लिहायचं ठरवलं असतं तरी तिच्या हातून हे झालं नसतं. कागद का फिरवायचा ते तिला ठाऊक आहे. चित्रावरून चित्र उतरवताना ती फिरवणार नाही. कोस्टिन्युकच्या हातूनही नाही. त्यांच्याकडे जाऊन मी एवढंच विचारलं, की तुम्ही कधी कागद फिरवलात का.

"मी हातातल्या दिव्याने डोळ्याजवळ जाऊन बघणारा माणूस," ते म्हणाले. "त्यात जग सुलटं दिसतं. ही फिरवाफिरवी भिंगवाल्या पोरांची. भिंगात सगळं उलटं, म्हणून कागद उलटा. का हो, चित्रात काही चुकलंय? मी आपली पेट्राची आद्याक्षरं बघितली आणि पाकिटात घातलं."

त्यांनाही कारण पाठ होतं. मग उरली अशी व्यक्ती, जिने पेट्राला शेकडो वेळा कागद फिरवताना पाहिलं होतं आणि स्वतः त्या भिंगातून एकदाही पाहिलं नव्हतं. जिला वाटत होतं, की पेट्रासारखं चित्र काढायचं तर कागद फिरवावाच लागतो. पेट्राचं सगळं तिला माहीत होतं, फक्त त्यामागचं कारण तेवढं नव्हतं.

आणि मग मला पहिल्या दिवसाचा पेट्राचा उतरलेला चेहरा समजला. मला जे कळायला दोन दिवस, एक डोळा आणि एक वाया गेलेली न्याहारी लागली, ते तिला दोन पानं उलटताच कळलं होतं.

६

पेट्रा तिच्या खोलीत एकटीच होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि काही म्हणायच्या आत तीच बोलली.

"माझ्याबद्दल काय ते विचारा. दुसऱ्या कुणाबद्दल मी बोलणार नाही."

"तुम्ही परवाना सोडायला निघालात."

"तिने माझ्यासाठी लग्न केलं नाही," पेट्रा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, फक्त हिशेब होता. "बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आता तुम्ही सांगा, मी काय बोलायला हवं होतं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण एक गोष्ट मी तिला सांगितली, कारण ती सांगायचीच असते. डॉक्टरने खोटा कागद खोटा आहे हे माहीत असून आपल्या नावाने राहू दिला, तर पुढचा पेशंट कुठल्या कागदावर विश्वास ठेवील?

"पेट्रा, पुरे झालं," दारातून आवाज आला.

नेटा आत आली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. हातात अजून फडकं होतं.

"तुमच्या संस्थेचं पत्र आलं ते मीच फोडलं," ती म्हणाली. "टपाल मीच फोडते. फाइल काढली तर त्या दिवसाचा कागदच नाही. कसा असेल? तो आत गेलाच नव्हता. मला वाटलं, आता हिच्यावर येणार. की तुझ्या दवाखान्यात माणूस आला आणि तू त्याला बघितलं नाहीस. म्हणून लिहिलं, की बघितलं आणि सगळं ठीक होतं. ठीक होतं म्हटल्यावर कुणाला काय होणार?"

"आत्या, गप्प बस," पेट्रा म्हणाली.

"आता कशाला गप्प? तुला वाचवायला गेले आणि तुझ्याच मानेवर सुरी ठेवली." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ओळखलंत कशावरून? अक्षर तर मी हुबेहूब काढलं होतं."

मी तिला तिळाचं सांगितलं. तिने दोन्ही चित्रं बराच वेळ शेजारी शेजारी धरली.

"म्हणजे ही कागद उलटा धरते ते डोळा उलटा दिसतो म्हणून?" ती म्हणाली. "मला वाटायचं तिला हात टेकायला बरं पडतं."

पेट्राने तोंड फिरवलं. हसू आलं होतं की रडू, मला सांगता यायचं नाही.

"त्याला आत का पाठवलं नाहीत?" मी विचारलं. "डॉक्टर रिकाम्या नव्हत्या?"

"होती. जेवत होती." नेटाने फडक्याची घडी घातली. "थेंब घालून तपासणी म्हणजे एकशे दहा डॉलर. मासेमारांच्या संघाचा विमा मेमध्ये सुरू होणार होता, त्यात फुकट झालं असतं. मी त्याला म्हटलं, दोन महिने कळ काढ."

अहवालात मी हे सगळं लिहिलं. पेट्राचा परवाना राहिला. समज मात्र मिळाली, कारण काउंटरवर जे बोललं जातं ते डॉक्टरच बोलला असं आमचे नियम मानतात आणि मला तो नियम पटतो. पेट्राने ती समज छापून काउंटरमागे लावली. विक्री बारगळली. कोस्टिन्युक महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. नेटाने नोकरी सोडली, तिला सोडायला कुणी सांगायच्या आधीच.

पण कबुली दिली त्याच दिवशी संध्याकाळच्या आत तिने मला एक मागणं केलं होतं. बाल्डुरला मी स्वतः सांगणार, आणि तुम्ही बरोबर चला, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

तो शेडबाहेर जाळी दुरुस्त करत होता. दोघं एका शाळेत शिकलेली. नेटा त्याच्यासमोरच्या खोक्यावर बसली आणि सगळं सांगितलं. कागदाचं, चित्राचं, सहीचं. तो ऐकत होता आणि सुई शोधल्यासारखी बोटं जाळ्यावरून फिरवत होता.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "कागदाचं नव्हतं माहीत. पण सांगितलं मी तुलाच होतं, हे तर मला माहीतच होतं ना."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय करायचं होतं?"

नेटाने मान खाली घातली. "गेला हिवाळा तुम्हा सगळ्यांनाच वाईट गेला. बर्फ उशिरा धरलं, मासा नव्हता. मला वाटलं, बाल्डुरकडे एवढे पैसे नसतील. मागितले तर ओशाळेल. म्हणून म्हटलं, मेमध्ये ये."

त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"पैसे खिशात घेऊनच आलो होतो मी, नेटा. मोजून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू माझी एवढी काळजी केलीस," तो म्हणाला. "तुझ्यासमोर पाकीट काढायला मला कसंसंच वाटलं."